शनवार तेल्यांचे पंचांग

गेल्या हिवाळ्यात, जानेवारी महिन्यातील एका शुक्रवारी, ठाण्याचे एक वृद्ध बेने इस्रायली दांपत्य नागभीडला आमच्याकडे उतरले होते. पुण्यात सेमिनरीत शिकत असताना आमच्या प्राध्यापकांनी आम्हां विद्यार्थ्यांना लष्कर भागातील लाल देऊळ, म्हणजेच ओहेल दावीद सिनेगॉग, दाखवायला नेले होते. तेथे या गृहस्थांची ओळख झाली आणि ती पुढे पत्रव्यवहारातून टिकून राहिली. रेल्वेच्या नोकरीत असताना सुमारे चाळीस वर्षांपूर्वी ते काही काळ या भागात होते. घोडाझरीचा तलाव आणि हे जंगल पत्नीला एकदा दाखवावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

दुपारचे जेवण आटोपल्यावर काकांनी खिशातून मोबाईल काढला, त्यावर ‘नागभीड’ असे टंकले आणि पत्नीकडे वळून म्हणाले, “साडेपाचच्या सुमारास दिवे लाव. साडेपाचला दोन-तीन मिनिटे आहेत की वर, ते नीट बघून सांगतो.” शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी शब्बाथचे दिवे लावायचे असतात, हे मला ठाऊक होते. परंतु नागभीडसारख्या गावाची वेळ त्यांना इतक्या सहजपणे मिळावी याचे मला नवल वाटले. मी तसे बोलून दाखवताच ते हसले.

“फादर, मी इथे नोकरीला होतो तेव्हा मुंबईहून आलेले आमचे पंचांग खोलीत टांगलेले असायचे. त्यात दिवे लावण्याची वेळ दिलेली असे, पण ती मुंबईची. त्या वेळेला दिवा लावावा तर इथे सूर्य आधीच मावळलेला! शेवटी मी पंचांगातली वेळ बघणे सोडले. गुरे घरी परतू लागली की दिवा लावायचा, असे ठरवून टाकले.”

त्यांचे बोलणे मी नंतर पडताळून पाहिले आणि ते अक्षरशः खरे निघाले. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे. नागभीड त्या रेषेच्या पश्चिमेला जेमतेम तीन अंशांवर आहे, तर मुंबई आणि अलिबाग जवळजवळ दहा अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने नागभीडचा सूर्य कोकणकिनाऱ्यापेक्षा सरासरी सत्तावीस मिनिटे आधी मावळतो. उन्हाळ्यात हा फरक थोडा कमी होतो, हिवाळ्यात तिसाच्या घरात जातो. दिवे लावायचे ते सूर्यास्तापूर्वी अठरा मिनिटे. म्हणजे मुंबईच्या पंचांगावर विसंबणाऱ्या माणसाचा शब्बाथ नागभीडमध्ये वर्षाच्या बाराही महिने उशिरा सुरू झाला असता.

या छोट्या प्रसंगाने माझ्या मनात एक मोठा प्रश्न उभा केला. छापील पंचांग हाताशी असूनही काकांची ही अडचण होत होती. मग ज्यांच्याजवळ पंचांग नव्हते, धर्मग्रंथ नव्हता आणि विचारावे असा कोणी गुरूही नव्हता, त्या त्यांच्या पूर्वजांनी कोकणात शतकानुशतके शब्बाथ पाळला तरी कसा? या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा हा एक अल्पसा प्रयत्न आहे.

बेने इस्रायली समाजाची परंपरा अशी सांगते की, त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. त्यांच्याजवळचे ग्रंथ समुद्राने गिळले. या घटनेच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल केहीमकर तो ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेतात. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेला इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. काळ कोणताही असो, एवढे निश्चित की ही माणसे कोकणातील खेड्यापाड्यांत पसरली, मराठी बोलू लागली, गावांवरून दिवेकर, केहीमकर, पेणकर, राजपूरकर अशी आडनावे लावू लागली आणि तेलाचा घाणा चालवून पोट भरू लागली. आठवड्यातून एक दिवस, शनिवारी, ती घाण्याला बैल जुंपत नसत. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली, इतका हा साधा हिशेब होता.

हिब्रू भाषा ते विसरले. प्रार्थनांपैकी ‘शेमा इस्रायल’ या घोषवाक्यापलीकडे फारसे काही उरले नाही. परंतु मुलांची आठव्या दिवशी सुंता, खवले नसलेला मासा न खाणे आणि शनिवारचा विसावा या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. एका लोककथेप्रमाणे कोचीनहून आलेल्या दावीद राहाबी नावाच्या यहुदी व्यापाऱ्याने या लोकांची परीक्षा पाहण्यासाठी बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी खवले नसलेले मासे आपणहून बाजूला काढले. त्यावरून त्याने त्यांना आपले भाऊबंद म्हणून ओळखले, त्यांच्यातील तिघांना शिकवून तयार केले आणि काजी म्हणून नेमले. या राहाबीचा काळ केहीमकर फार प्राचीन मानतात. अलीकडच्या अभ्यासकांचा कल त्याचा संबंध अठराव्या शतकातील कोचीनच्या प्रसिद्ध राहाबी घराण्याशी जोडण्याकडे आहे.

येथे क्षणभर थांबून कालगणनेच्या एका मूलभूत गोष्टीचा विचार करायला हवा. दिवस सूर्य दाखवतो. महिना चंद्र दाखवतो. वर्ष ऋतू दाखवतात. हे तिन्ही आकाशात किंवा भूमीवर डोळ्यांना दिसतात. आठवडा मात्र कोठेही दिसत नाही. सात दिवसांनी आकाशात असे काहीही घडत नाही की ज्यावरून आज शनिवार आहे हे कळावे. एकदा मोजणी चुकली की निसर्ग ती दुरुस्त करून देत नाही. आठवडा टिकतो तो केवळ माणसांच्या अखंड स्मरणावर, आणि तोही एकट्याच्या नव्हे, तर अनेकांच्या मिळून केलेल्या स्मरणावर.

यहुदी आचार्यांना हा धोका ठाऊक होता. तालमुदमध्ये शब्बाथविषयक ग्रंथात एक प्रश्न चर्चेला आला आहे. अरण्यातून प्रवास करणारा एखादा माणूस वार विसरला तर त्याने काय करावे? राव हुना म्हणतात, त्याने त्या दिवसापासून सहा दिवस मोजावेत आणि सातवा पाळावा. हिया बार राव म्हणतात, आधी एक दिवस पाळावा आणि मग सहा मोजावेत. पहिल्या मताला आधार सृष्टीच्या निर्मितीचा. दुसऱ्याला आदामाचा, कारण शुक्रवारी निर्माण झालेल्या आदामाच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस शब्बाथच होता. पुढील परंपरेने पहिले मत स्वीकारले. परंतु त्यातही अशी पुस्ती जोडलेली आहे की, त्या माणसाने रोज जीव जगवण्यापुरतेच काम करावे, कारण त्यातला कोणताही दिवस खरा शब्बाथ असू शकतो. एकट्या पडलेल्या माणसाची ही व्यथा त्या आचार्यांनी किती सहृदयतेने ओळखली होती!

नवगावच्या किनाऱ्याला लागलेले लोक एका अर्थाने असेच अरण्यातले प्रवासी होते. पण ते एकटे नव्हते. चौदा माणसे होती. एकाची मोजणी चुकली तर दुसरा सांगणारा होता. शिवाय पुढे त्यांना शेजाऱ्यांचीही साथ मिळाली. आपल्या देशातील कोरीव लेखांत वाराचा पहिला निश्चित उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, इसवी सन ४८४ मध्ये, आढळतो. तो वार गुरुवार आहे. ग्रहांच्या नावांचा हा आठवडा देशभर रूढ झाल्यावर कोकणातील प्रत्येक गावाला शनिवार माहीत झाला आणि तो यहुद्यांच्या सातव्या दिवसाशी तंतोतंत जुळणारा होता. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, त्यात थोडी थट्टाही असेल. परंतु या नावामुळे एक मोठे काम होऊन गेले. ज्या दिवशी तेल मिळत नाही तो दिवस सारे गाव लक्षात ठेवू लागले. शनवार तेल्यांच्या आठवड्याला सारे गाव साक्षीदार झाले.

या जंगलभागात राहणाऱ्यांना हे समजायला कठीण नाही. माझ्या धर्मग्रामाच्या दूरच्या पाड्यांवर आजही एखाद्या आजीला वार विचारला तर ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत नाही. “उद्या तळोधीचा बाजार,” असे ती सांगते आणि त्यावरून वार आपण ओळखायचा. आठवडी बाजार हेच तिचे पंचांग, आणि ते तिच्या एकटीचे नाही; डोक्यावर टोपली घेऊन बाजाराला निघणाऱ्या सगळ्यांचे ते आहे.

आठवड्याप्रमाणेच सणांची कथाही उद्बोधक आहे. बेने इस्रायली लोकांना सणांची हिब्रू नावे ठाऊक नव्हती; त्यांची नावे शुद्ध मराठी होती. केहीमकरांनी ती नोंदवून ठेवली आहेत. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. नवे धान्य आणि नारळाचे दूध घालून खीर करायची तो ‘खिरीचा सण’. दारे लावून दिवसभर आत बसायचे, कोणाशी व्यवहार ठेवायचा नाही, तो प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस म्हणजे ‘दारफाळणीचा सण’. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. वल्हांडणाला ते ‘अनशी ढाकायचा सण’ म्हणत, कारण त्या दिवसांत आंबट रसाचे भांडे झाकून ठेवले जाई. खमीर घरात ठेवू नये या आज्ञेची ती अंधूक आठवण होती. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास मोड आलेल्या वालांच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा रोजा’ झाला. आणि राणी एस्तेरच्या कथेशी जोडलेला पुरीमचा सण ‘होळीचा सण’ म्हणून ओळखला जाई.

हे शेवटचे नाव फार बोलके आहे. पुरीम अदार महिन्याच्या चतुर्दशीला येतो आणि आपली होळी फाल्गुन पौर्णिमेला. महाराष्ट्रातील महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आणि यहुद्यांचाही महिना नव्या चंद्रकोरीपासून सुरू होतो. शेजारी होळी रचू लागले की आपला सण आला, हे कोकणातील यहुदी माणसाला सहज कळत असले पाहिजे. आजही हे पडताळून पाहता येते. २०२४ साली पुरीम आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्च रोजी, होत्या. पुढे २२ एप्रिलच्या संध्याकाळी वल्हांडण सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी चैत्र पौर्णिमा होती.

पण हा मेळ दर वर्षी बसत नाही. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांचे. सूर्याच्या वर्षापेक्षा ते सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतात. ही तूट भरून काढण्यासाठी हिंदू आणि यहुदी दोघेही अधिक महिना घालतात, परंतु दोघांचे नियम वेगळे आहेत. आपले पंचांगकर्ते सूर्याच्या राशिसंक्रमणावरून अधिक मास ठरवतात, म्हणून तो निरनिराळ्या महिन्यांत पडतो. यहुदी पंचांगात एकोणीस वर्षांच्या चक्रात तिसरे, सहावे, आठवे, अकरावे, चौदावे, सतरावे आणि एकोणिसावे अशी सात वर्षे तेरा महिन्यांची असतात, आणि वाढीव महिना नेहमी अदारचाच असतो. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण आला. परिणामी यहुदी वर्षारंभ १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी झाला, तर आपली घटस्थापना १५ ऑक्टोबरला. बरोबर एका महिन्याचे अंतर पडले. केवळ शेजाऱ्यांच्या पंचांगावर चालणाऱ्याचा नव्याचा सण अशा वर्षी एक महिना चुकला असता. शनिवार मात्र कधीच चुकला नसता.

मुळात यहुदी पंचांग हे दूताच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याचे शास्त्र होते. प्राचीन काळी यरुशलेममध्ये दोन साक्षीदार नवी चंद्रकोर पाहिल्याची साक्ष देत. मग न्यायसभा नव्या महिन्याची घोषणा करी. ही वार्ता आरंभी डोंगरमाथ्यांवर जाळ करून आणि पुढे दूत धाडून दूरदूर पोहोचवली जाई. जेथे दूत वेळेवर पोहोचू शकत नसत तेथे शंकेला जागा राहू नये म्हणून सण दोन दिवस पाळण्याची चाल पडली. इस्रायलच्या बाहेर ती अद्याप चालू आहे. पुढे परंपरेप्रमाणे इसवी सन ३५९ च्या सुमारास दुसऱ्या हिल्लेलने साक्षीदारांऐवजी गणित प्रमाण ठरवले. एका चांद्रमासाची सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग. येथे तासाचे १०८० भाग धरतात. तेव्हापासून कोणत्याही गावातील जाणता माणूस गणित करून सणाचा दिवस काढू शकतो. फक्त ते गणित त्याला कोणी तरी शिकवायला हवे. नवगावच्या लोकांपर्यंत दूतही पोहोचला नव्हता आणि गणितही पोहोचले नव्हते.

ते पोहोचले अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. कंपनीच्या लष्करातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ साली मुंबईत बेने इस्रायली समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. ते ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शेलोमो सालेम शुर्राबी यांच्यासारखे शिक्षक आले आणि त्यांनी प्रार्थना, वाचन आणि सणांचे विधी शिकवले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मांतराच्या हेतूने आलेल्या मिशनऱ्यांच्या शाळांतून हा समाज आपल्याच धर्मग्रंथाशी नव्याने परिचित झाला, ही इतिहासातील एक विलक्षण घटना म्हणायला हवी. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू आणि मराठीत निघाली. १८७४ साली पुण्यात तिची सचित्र आवृत्ती छापली गेली. हळूहळू छापील पंचांगेही घरोघरी आली.

या पंचांगांनी तिथी अचूक केल्या. विस्मरणात गेलेले हनुक्कासारखे सण समाजाला परत मिळाले. हा मोठाच लाभ होता. पण त्याबरोबर काही निघूनही गेले. नव्याच्या सणाला ‘रोश हशाना’ आणि दारफाळणीला ‘योम किप्पूर’ म्हटले जाऊ लागले. बिरड्याचा रोजा हे नाव आज जुन्या पिढीतल्या थोड्यांनाच ठाऊक आहे. “आमच्या आजीला नावे कळत नव्हती, पण कोणत्या दिवशी काय शिजवायचे ते पक्के ठाऊक होते,” असे काकू म्हणाल्या. स्वयंपाकघर हे त्यांच्या पूर्वजांचे पंचांग होते आणि ते सांभाळणाऱ्या बायका होत्या.

छापील पंचांगाला घड्याळाचीही अडचण होती. रेल्वे, टपाल, पोलीस आणि लष्कर या खात्यांत नोकरीला लागून बेने इस्रायली माणसे देशभर पसरली. त्या काळी रेल्वेचे घड्याळ मद्रासच्या वेळेवर चाले आणि मुंबई शहराचे मुंबईच्या. दोहोंत अर्ध्या तासाचा फरक असे. १९०६ साली प्रमाणवेळ आली. ती जुन्या मुंबई वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती, आणि मुंबई शहरात जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. सूर्य एक, घड्याळे दोन आणि शब्बाथ तर सूर्याचा! पंचांगात छापलेला आकडा कोणत्या घड्याळाचा आणि कोणत्या गावाचा, हे वाचणाऱ्याने स्वतःच समजून घ्यायचे.

ही अडचण दूर केली ती संगणकाने. एडवर्ड राइनगोल्ड आणि नाहूम देर्शोवित्स या संगणकशास्त्रज्ञांनी १९९० साली जगातील निरनिराळ्या पंचांगांचे गणित संगणकाला समजेल अशा रीतीने मांडले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९७ साली निघाला. ‘ईमॅक्स’ या संगणकप्रणालीत अशी दिनदर्शिका होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन डॅनी सॅडिनॉफ यांनी १९९२ साली ‘हेबकॅल’ ही हिब्रू दिनदर्शिका तयार केली आणि काही वर्षांनी मायकेल रॅडविन यांनी ती इंटरनेटवर आणली. काकांच्या मोबाईलवर होती ती हीच. गावाचे नाव दिले की ती त्याचे अक्षांश-रेखांश घेते, त्या दिवशीचा सूर्यास्त काढते, त्यातून अठरा मिनिटे वजा करून दिवे लावण्याची वेळ सांगते. शनिवारी सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश गेला की तीन तारे दिसण्याची वेळ झाली असे धरून शब्बाथची समाप्ती सांगते. घरातल्या दिवंगत माणसाची हिब्रू तिथी दर वर्षी कोणत्या तारखेला येते, तेही तीच सांगते. सूर्यास्तानंतर मृत्यू झाला असेल तर तिथी पुढच्या दिवसाची धरायची, हेही तिला सांगावे लागते. काकांच्या वडिलांची तिथी तीस वर्षे एक दिवस आधी पाळली जात होती, हे त्यांना अशा रीतीने उतारवयात कळले.

अर्थात हे साधन सांगेल ते डोळे मिटून घ्यावे असे नाही. यरुशलेममध्ये अठराऐवजी चाळीस मिनिटे आधी दिवे लावण्याची प्रथा आहे; काही समाज समाप्तीची वेळ आणखी उशिरा धरतात; सण एक दिवसाचा की दोन दिवसांचा, हे देशावर अवलंबून. ते सारे आधी निवडावे लागते. निवड चुकली तर उत्तर अचूक दिसते आणि तरीही चुकीचे असते. तेव्हा आपल्या घराण्याची, आपल्या सिनेगॉगची रीत कोणती, हे माणसालाच ठाऊक असायला हवे.

आम्हां ख्रिस्ती लोकांनाही यातून शिकण्यासारखे आहे. आमचा पास्काचा सण वल्हांडणाच्या मुळावर उगवलेला आहे. ३२५ सालच्या निकेया परिषदेने त्याची गणना यहुदी पंचांगापासून वेगळी केली. २०२४ साली आमचा ईस्टर ३१ मार्चला होऊन गेला आणि वल्हांडण तीन आठवड्यांनी आला, इतके हे अंतर कधी कधी वाढते. तरीही रविवारच्या आणि मोठ्या सणांच्या उपासनेचा आरंभ आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेने करण्याची आमची रीत मूळ यहुदीच आहे. आणि आठवड्याविषयी म्हणाल तर, १५८२ साली तेराव्या ग्रेगरी पोपमहोदयांनी पंचांग सुधारले तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. दहा तारखा गळल्या, परंतु गुरुवारनंतर शुक्रवारच आला. तारखांना हात लावण्याचे धैर्य झाले, वारांना लावण्याचे नाही. फ्रेंच राज्यक्रांतीने १७९३ साली दहा दिवसांचा आठवडा आणला. तो १८०२ साली गुंडाळावा लागला. सोव्हिएत रशियाने १९२९ पासून आधी पाच आणि मग सहा दिवसांचा आठवडा चालवून पाहिला. १९४० साली सात दिवस परत आले. राजसत्तेला जे मोडता आले नाही ते नवगावच्या मूठभर तेल्यांनी कोणाच्याही आज्ञेवाचून सांभाळले होते.

आता या कथेचा उत्तरार्ध. १९५० च्या सुमारास भारतात बेने इस्रायली वीस हजारांच्या आसपास होते. इस्रायलची स्थापना झाल्यावर बहुसंख्य तिकडे गेले. तेथे १९६२ ते १९६४ या काळात त्यांच्या यहुदीपणाविषयीच विवाहाच्या संदर्भात शंका घेतली गेली. त्यांनी निदर्शने केली, धरणे धरली आणि अखेर १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. ज्यांनी पुस्तकाशिवाय शब्बाथ पाळला त्यांनाच पुस्तके बाळगणाऱ्यांनी पुरावा विचारावा, हे दुःख जुनी माणसे आजही विसरलेली नाहीत. आज भारतात सगळे मिळून चार-पाच हजार यहुदी उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथील सिनेगॉग उभी आहेत. परंतु सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात आणि कोकणातील गावोगावी ही संख्या जुळवणे दिवसेंदिवस कठीण झाले आहे.

त्या शुक्रवारी काकूंनी आमच्या जेवणघराच्या टेबलावर दोन दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला. काकांनी मोबाईल बंद करून पिशवीत ठेवला. शब्बाथला तो वापरायचा नसतो. “बघा फादर,” ते म्हणाले, “हा वेळ सांगतो आणि वेळ झाली की याने गप्प बसायचे. पूर्वी मला वेळ कळत नव्हती, पण ठाण्याला गेलो की सिनेगॉग भरलेले असायचे. आता मिनिटामिनिटाची वेळ खिशात आहे. दहा माणसे मात्र यात मिळत नाहीत.” यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. माझ्याही धर्मग्रामात रविवारची मिस्सा किती वाजता, हे सर्वांना ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आम्ही तिघे व्हरांड्यात बसलो होतो. शब्बाथ संपला की नाही हे पाहायला काकांना मोबाईल काढता येत नव्हता, आणि मी माझा काढू लागलो तर त्यांनी हाताने थांबवले. गावाबाहेर असल्यामुळे आमच्याकडे आकाश चांगले काळे होते. एक तारा काकूंना दिसला, दुसरा मला. तिसऱ्यासाठी काका बराच वेळ सागाच्या झाडांवर पाहत राहिले. आमचा स्वयंपाकी, जो जवळच्याच पाड्यावरचा गोंड मुलगा आहे, तोपर्यंत दारात येऊन उभा राहिला होता. आम्ही काय शोधतो आहोत ते समजल्यावर त्याने बोट दाखवले आणि म्हणाला, “तो काय, केव्हाचा दिसतोय.”

काका उठले. “झाले,” ते म्हणाले, “नवा आठवडा सुरू झाला.”